गर्भातील एका पेशीचा निरोप दूरच्या पेशीपर्यंत पोहोचतो कसा?

फळ्यासमोर यांचा प्रश्न

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. कोंबडीच्या गर्भातील पंखावर झालेला एक जुना प्रयोग यंदा वर्गात नीट उलगडून सांगावा असे ठरवले आहे. तयारी करताना मात्र एका मुद्द्यापाशी येऊन थांबले आहे. जाणकारांनी मदत करावी ही विनंती.

प्रयोग असा आहे. कोंबडीच्या पिलाचा पंख सुरुवातीला शरीराच्या कडेला आलेल्या एका लहानशा कोंबाच्या रूपात असतो. या कोंबाच्या मागच्या कडेला, म्हणजे शेपटीकडच्या बाजूला, पेशींचा एक पुंजका असतो. जॉन सॉन्डर्स आणि मेरी गॅसेलिंग यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा पुंजका काढून दुसऱ्या गर्भाच्या पंखकोंबाच्या पुढच्या कडेला बसवला. परिणामी पंखात नेहमीच्या तीन बोटांच्या जोडीला आणखी बोटे आली आणि ती आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलट क्रमाने मांडलेली होती. त्या काळच्या क्रमांकपद्धतीत सांगायचे तर २-३-४ ऐवजी ४-३-२-२-३-४ असा पंख तयार होऊ शकतो. पुढे १९९३ मध्ये क्लिफ टॅबिन यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की हा पुंजका सोनिक हेजहॉग नावाचे प्रथिन स्रवतो, आणि तेच प्रथिन बनवायला लावलेल्या वेगळ्या पेशी पुढच्या कडेला बसवल्या तरी तसाच परिणाम होतो.

इथपर्यंत अडचण नाही. यापुढचे प्रचलित स्पष्टीकरण असे की प्रथिन पुंजक्यातून विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पांगण्याने, पसरते, जवळच्या पेशींना त्याची जास्त मात्रा मिळते, दूरच्यांना कमी, आणि मिळालेल्या मात्रेवरून प्रत्येक पेशी आपण कोणत्या बोटात जायचे ते ठरवते. माझा प्रश्न इथे सुरू होतो. पेशींच्या मधली जागा म्हणजे काही मोकळे पाणी नव्हे. ती तंतू, शर्करांच्या साखळ्या आणि पेशीपटलावरचे ग्राही (संकेत पकडणारी प्रथिने) यांनी गजबजलेली असते. शिवाय या प्रथिनाला कोलेस्टेरॉलचा रेणू जोडलेला असतो असे वाचनात आले. कोलेस्टेरॉल जोडलेले प्रथिन पेशीपटलाला चिकटून बसायला हवे. ते शेकडो मायक्रोमीटर प्रवास कसा करते? आणि रेणूंच्या दिशाहीन भटकण्यावर सगळे अवलंबून असेल, तर प्रत्येक पिलाला त्याच क्रमाने तीच तीन बोटे कशी येतात? वर्गात उदबत्तीच्या वासाचे उदाहरण देण्याची पद्धत आहे. ते या ठिकाणी कितपत लागू पडते, हेही सांगावे.

---

रेणुबंध

उदबत्तीचे उदाहरण देऊ नये, असे मी सुचवेन. खोलीत वास पसरतो तो मुख्यतः हवेच्या हालचालीमुळे. हवा अगदी स्थिर ठेवून निव्वळ विसरणावर भरवसा टाकला, तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला वास जायला दिवस लागतील. विद्यार्थ्यांच्या मनात त्यामुळे विसरण हे फार वेगवान आणि लांब पल्ल्याचे असते अशी समजूत पक्की होते, आणि गर्भाच्या बाबतीत नेमकी तीच समजूत काढून टाकणे आवश्यक आहे.

विसरणाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. पाण्यासारख्या माध्यमात मध्यम आकाराच्या प्रथिनाचा विसरणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचे माप, १० चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंद इतका माफक धरू आणि अंतराच्या वर्गाला विसरणांकाच्या दुपटीने भागू. १०० मायक्रोमीटरसाठी सुमारे ८ मिनिटे लागतात. ३०० मायक्रोमीटरसाठी सव्वा तास. एका मिलिमीटरला १४ तास, आणि एका सेंटिमीटरला सुमारे ५८ दिवस. कोंबडीचे पिलू २१ दिवसांत अंड्याबाहेर येते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे. फळ्यावर चार ओळींत होते आणि पुढचे सगळे त्यातून निघते.

फ्रान्सिस क्रिक यांनी १९७० मध्ये याच धर्तीचा हिशेब मांडला होता. एका टोकाला प्रथिन तयार होते आणि दुसऱ्या टोकाला ते नष्ट होते अशी रचना कल्पून, काही तासांत विसरणाने किती अंतरावर प्रथिनाच्या मात्रेचा सुरळीत उतार तयार होऊ शकेल, हे त्यांनी तपासले आणि उत्तर सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी असे आले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६९ मध्ये, लुईस वोल्पर्ट यांनी पेशी आपले स्थान एखाद्या रेणूच्या संहतीवरून (दाटपणावरून) ओळखतात ही कल्पना फ्रान्सच्या तिरंगी झेंड्याच्या आकृतीसह मांडली होती, आणि गर्भातील असे आराखडे ज्या क्षेत्रांत आखले जातात ती बहुतेक शंभरएक पेशींहून मोठी नसतात, याकडे लक्ष वेधले होते. म्हणजे निसर्गाने लांबचा पल्ला गाठण्याची युक्ती शोधली असे नसून, अंतर लहान असतानाच महत्त्वाचे निर्णय उरकून घेतले आहेत. हाताची बोटे ठरतात तेव्हा हात मिलिमीटरच्या घरात असतो. पुढची सारी लांबी नुसत्या वाढीतून येते.

तेव्हा रेणू पोहोचतो कसा, हा प्रश्न मला स्वतःला तितका अवघड वाटत नाही. अधिक अवघड प्रश्न उलटा आहे. रेणू नुसताच पसरत राहिला तर काही वेळाने तो सगळीकडे सारखाच होईल आणि उतार नाहीसा होईल. उतार टिकवायचा तर वाटेत रेणू सतत काढून घेतले गेले पाहिजेत. हे काम पेशी करतात: ग्राहीला चिकटलेला रेणू त्या पोटात ओढून घेतात आणि त्याचे विघटन करतात. उत्पादन, प्रसार आणि विल्हेवाट यांचा समतोल साधला म्हणजे संहती ठरावीक अंतरागणिक ठरावीक पटीने घटत जाते. फळमाशीच्या पंखाच्या आद्य ऊतीमध्ये डीपीपी या प्रथिनाबाबत २००७ मध्ये झालेल्या मोजणीत हे अंतर सुमारे २० मायक्रोमीटर, तर विंगलेस या प्रथिनाचे सुमारे ६ मायक्रोमीटर आढळले. डीपीपीचा विसरणांक त्या मोजणीत वरच्याच एककात ०.१ आला. यावरून रेणूचे सरासरी आयुष्य काढले तर ते तासाहून थोडे जास्त येते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण तुमच्या गजबजलेल्या जागेच्या शंकेचे उत्तर तिच्यात आहे. याच डीपीपीचा विसरणांक २०१२ मध्ये वेगळ्या पद्धतीने, म्हणजे अतिशय लहान जागेतून जाणाऱ्या एकेका रेणूच्या चमकण्यावरून मोजला गेला, तेव्हा तो २० च्या आसपास आला. दोन मोजण्यांत जवळजवळ २०० पटींचा फरक आहे! कोणती खरी, यावर बराच वाद झाला. मला पटणारे उत्तर असे की दोन्ही पद्धती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. एकेका रेणूचा मोकळा प्रवास वेगवान असतो, पण तो पुनःपुन्हा कुठेतरी चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. पूर्ण ऊतीच्या पातळीवर पाहिले तर या सगळ्या थांब्यांचा हिशेब धरून तो अतिशय संथ दिसतो. पेशींमधली गर्दी रेणूला अडवते हे खरे, परंतु त्या अडवण्यामुळेच उतार आवश्यक तितका तीव्र राहतो.

---

पेट्री

रेणुबंध यांचे गणित बिनचूक आहे, पण त्यांनी कोलेस्टेरॉलची शंका सोयीस्करपणे बाजूला ठेवली आहे. डीपीपीला मेदाचा तुकडा जोडलेला नसतो. हेजहॉगला (सोनिक हेजहॉग हे याच कुळातले) असतो, तोही एक नव्हे तर दोन: एका टोकाला कोलेस्टेरॉल आणि दुसऱ्या टोकाला पामिटिक आम्ल. विंगलेसच्या कुळातील विंट प्रथिनांनाही मेदाम्लाची जोड असते. अशी प्रथिने पाण्यात मोकळी फिरत नाहीत, त्यामुळे विसरणांकाचे आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

त्यांच्या प्रवासाबद्दल निरनिराळे पुरावे आहेत आणि ते सगळे एका दिशेने जात नाहीत. पेशीतून हेजहॉग बाहेर सोडण्यासाठी डिस्पॅच्ड नावाचे स्वतंत्र प्रथिन लागते. ते नसेल तर हेजहॉग तयार होते, लगतच्या पेशीला जाणवते, पण लांबच्या पेशीपर्यंत जात नाही. म्हणजे लांबचा निरोप ही वेगळी यंत्रणा आहे आणि तिला वेगळी सामग्री लागते. बाहेर पडल्यावर अनेक रेणू आपले मेदाचे तुकडे आत वळवून एकत्र पुंज करतात, असे एक मत आहे. या संदर्भात बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सत्यजित मेयर यांच्या गटाचे २००८ चे काम महत्त्वाचे आहे. हेजहॉगचे रेणू पेशीपटलावरच अतिसूक्ष्म गटांत एकत्र येतात आणि हे गट बनू दिले नाहीत तर जवळचा संकेत चालू राहतो पण लांबचा बंद पडतो, असे त्यांनी फळमाशीत दाखवले. त्या कामात सहभागी असलेले एल. एस. शशिधर पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आले, त्यामुळे हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. पेशींच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेट या शर्करांच्या साखळ्या या प्रवासात रेणूला हातोहात पुढे देतात, त्या साखळ्या बनवणारे जनुक बिघडले तर हेजहॉग तिथेच अडतो, हेही फळमाशीत स्पष्ट झालेले आहे.

आता दुसरी बाजू. १९९९ मध्ये रामिरेझ-वेबर आणि थॉमस कॉर्नबर्ग यांनी फळमाशीच्या पंखाच्या आद्य ऊतीत पेशींमधून निघालेले अतिशय बारीक, लांब धागे पाहिले. हे धागे संकेत निर्माण होणाऱ्या जागेच्या दिशेने वाढलेले होते. त्यांना सायटोनीम म्हणतात. नेहमीच्या पद्धतीने ऊती रसायनात स्थिर केली की हे धागे नष्ट होतात, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही ते कुणाला दिसले नव्हते. २०१३ मध्ये मारिया बार्ना यांच्या गटाने तुमच्याच उदाहरणातील, म्हणजे कोंबडीच्या पंखकोंबातील, जिवंत पेशींचे चित्रण केले. हेजहॉग बनवणाऱ्या पेशी अनेक पेशींच्या रुंदीएवढे लांब धागे बाहेर काढतात, हेजहॉगचे कण त्या धाग्यांवरून पुढे सरकतात, आणि निरोप घेणाऱ्या पेशींचे धागेही समोरून येऊन त्यांना भिडतात, असे त्यात दिसले. हे चित्र खरे असेल तर निरोप वाटेत हवेवर सोडलेलाच नाही. पेशींनी एकमेकींना प्रत्यक्ष स्पर्श करून तो हाती दिला आहे. कोलेस्टेरॉलची अडचण मग अडचणच राहत नाही, कारण पेशीपटलाला चिकटलेला रेणू पेशीपटलाच्याच धाग्यावरून जातो.

माझे मत विचाराल तर हेजहॉगच्या बाबतीत धाग्यांचे पारडे जड आहे. रेणुबंध यांना ते मान्य होणार नाही हे मला ठाऊक आहे.

---

रेणुबंध

मान्य नाही असे नाही, पण दोन गोष्टी नोंदवतो. धागे दिसणे आणि निरोप त्यांच्यावरूनच जातो हे सिद्ध होणे यांत अंतर आहे. धागे आखूड करायचे तर पेशीचा अंतर्गत सांगाडा बिघडवावा लागतो, आणि सांगाडा बिघडला की स्रवणे, ओढून घेणे, विभागणे ही सगळीच कामे कमीअधिक बिघडतात. कॉर्नबर्ग यांच्या गटाने २०१४ मध्ये डीपीपीबाबत शक्य तितके नेमके बदल करून हा आक्षेप बराच कमी केला, हे मी मान्य करतो. तरीही झेब्राफिश या लहान माशाच्या गर्भात एफजीएफ-८ या प्रथिनाचे रेणू पेशींमधल्या द्रवात मोकळे फिरताना २००९ मध्ये एकेक करून मोजले गेले आहेत आणि त्यांचा उतार विसरण व पेशींनी ओढून घेणे एवढ्यावरच समजावता येतो. एका रेणूचा न्याय दुसऱ्याला लावू नये, एवढेच.

दुसरी गोष्ट अधिक गंमतीची आहे. लंडनच्या ज्याँ-पॉल व्हिन्सेंट यांच्या गटाने २०१४ मध्ये अशा फळमाश्या तयार केल्या की ज्यांच्यातील विंगलेस प्रथिन पेशीपटलाला कायमचे बांधलेले होते. ते सुटून कुठेही जाऊ शकत नव्हते. विंगलेस हे लांब पल्ल्याच्या संकेताचे पाठ्यपुस्तकी उदाहरण मानले जात असल्याने या माश्यांना पंख येणारच नाहीत, अशी अपेक्षा होती. माश्या जगल्या, थोड्या उशिराने वाढल्या, आणि त्यांचे पंख जवळजवळ नेहमीसारखे होते. विकासाच्या आरंभी त्या ऊतीतील बहुतेक पेशी स्वतःच विंगलेस बनवत असतात आणि पुढे ते बनवणे थांबल्यावरही त्यांना मिळालेल्या संकेताचा प्रभाव टिकून राहतो, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. दूरवर गेलेला दिसणारा निरोप कधी कधी कुठेच गेलेला नसतो. त्या पेशी पूर्वी उगमापाशी होत्या आणि नंतर दूर गेल्या.

---

फळ्यासमोर

दोघांचेही मनापासून आभार. शेवटचा मुद्दा वाचून एक विचारावेसे वाटते. पेशी उगमापासून दूर गेल्या, हे पंखाच्या किंवा हाताच्या बोटांनाही लागू पडते का? आणि नेमकेपणाबद्दल अजून कुणी लिहिलेले नाही.

---

रेणुबंध

लागू पडते. २००४ मध्ये उंदराच्या गर्भात सोनिक हेजहॉग बनवणाऱ्या पेशींवर कायमची खूण केली गेली, म्हणजे त्या पेशींच्या पुढच्या सगळ्या पिढ्याही ओळखता याव्यात. असे आढळले की पाचवे आणि चौथे बोट पूर्णपणे, आणि तिसरे काही अंशी, त्याच पेशींच्या वंशजांपासून बनलेले असते. त्यांना निरोप लांबून मिळवण्याची गरजच नव्हती. त्यांच्यासाठी तो किती वेळ मिळाला हे महत्त्वाचे ठरले. दुसरे बोट मात्र पसरून आलेल्या प्रथिनावर अवलंबून आहे, आणि अंगठ्याला या प्रथिनाची गरजच नाही. एकाच पंजात तीन वेगवेगळे हिशेब चालू असतात. संहतीचा सरळ उतार आणि त्यावर बसवलेली पाच बोटे, ही आकृती म्हणूनच अपुरी आहे. कोंबडीत संहतीचा वाटा दाखवणारा पुरावा हवा असेल तर चेरिल टिकल यांचे १९८१ चे काम सांगा: पुढच्या कडेला बसवलेल्या पुंजक्यात पेशी अगदी थोड्या असतील तर फक्त दुसऱ्या क्रमांकाचे जादा बोट येते, संख्या वाढवली की तिसरे, आणि आणखी वाढवली की चौथे. वर्गात हा प्रयोग समजावणे सोपे जाते, कारण मात्रा आणि परिणाम यांचा संबंध थेट दिसतो.

नेमकेपणाबद्दल फळमाशीच्या अंड्याचे उदाहरण सर्वांत चांगले अभ्यासलेले आहे, फक्त तिथे आरंभी पेशींना पेशीपटलच नसते. हजारो केंद्रके एकाच पेशीद्रवात असतात. आई अंड्याच्या पुढच्या टोकाला बायकॉइडचा संदेशवाहक आरएनए ठेवते, त्यापासून बनलेले प्रथिन मागे पसरते आणि सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीच्या अंड्यात दर १०० मायक्रोमीटरला साधारण ३७ टक्के इतकेच उरते. न्युस्लाइन-फोलहार्ड आणि ड्रीव्हर यांनी १९८८ मध्ये हा उतार दाखवला. २००७ मध्ये मोजले गेले तेव्हा असे दिसले की शेजारच्या केंद्रकात संहतीचा फरक अवघा १० टक्के असूनही ते केंद्रक पुढच्या बाजूचे की मागच्या बाजूचे, हे चुकत नाही. रेणूंच्या भटकण्यातील चढउतार केंद्रके काही काळ सरासरी घेऊन आणि शेजाऱ्यांशी देवाणघेवाण करून कमी करतात, असे मानले जाते.

पेशी चुकतच नाहीत असेही नाही. चूक झाल्यावर ती दुरुस्त होते. झेब्राफिशच्या चेतानलिकेत, म्हणजे जिथून मेंदू आणि मेरुरज्जू बनतात त्या नलिकेत, हेजहॉगचा प्रतिसाद सुरुवातीला सरमिसळ झालेला असतो. एका प्रकारच्या पेशींमध्ये दुसऱ्या प्रकारच्या विखुरलेल्या असतात. त्यानंतर पेशी स्वतः सरकून आपापल्या गटात जातात आणि सीमारेषा रेखीव होतात, हे २०१३ मध्ये जिवंत गर्भाच्या चित्रणात दिसले. निरोप ढोबळ असला तरी चालतो, कारण पुढची साफसफाई पेशी आपसांत करून घेतात.

---

ओपीडीतला

मी बालरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे प्रयोगशाळेपेक्षा रुग्णांच्या बाजूने लिहितो. रेणुबंध यांनी गर्भाच्या ऊतींत प्रवाह नसतो असे गृहीत धरलेले दिसते, पण किमान एका ठिकाणी तो असतो आणि त्यावर आपल्या शरीराची डावी-उजवी बाजू ठरते.

सस्तन प्राण्यांच्या गर्भात अगदी सुरुवातीच्या काळात मध्यरेषेवर एक लहानसा खळगा असतो. त्यातील पेशींवर प्रत्येकी एक सूक्ष्म रोम असतो आणि तो गोल फिरतो. रोम मागच्या बाजूला झुकलेले असल्यामुळे त्यांच्या फिरण्यातून खळग्यातील द्रव उजवीकडून डावीकडे वाहू लागतो. जपानमधील नोनाका, हिरोकावा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हा प्रवाह उंदराच्या गर्भात दाखवला. २००२ मध्ये नोनाका आणि सहकाऱ्यांनी बाहेरून कृत्रिम प्रवाह देऊन तो उलट्या दिशेने वाहवला, तर गर्भाची डावी-उजवी बाजूही उलटली. ज्यांच्या शरीरातील रोम जन्मतः हलत नाहीत त्यांना वारंवार छातीचा संसर्ग आणि सायनसचा त्रास होतो, आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या लोकांचे हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे अशी आतली सगळी मांडणी उलटी असते. निम्म्यांचीच का, तर प्रवाह नसेल तेव्हा बाजू निव्वळ योगायोगाने ठरते. छातीचा क्ष-किरण फोटो पाहून हृदय उजवीकडे आढळले आणि मुलाला सततचा खोकला असेल, तर आम्ही आधी या आजाराचा विचार करतो. त्यामागे गर्भातील तो खळगा आहे.

प्रवाह निरोप कसा देतो, तो एखादा रेणू वाहून नेतो की त्याचा नुसता दाब जाणवतो, यावर पुष्कळ वर्षे मतभेद होते. २०२३ मध्ये उंदीर आणि झेब्राफिश या दोन्हींत झालेल्या स्वतंत्र प्रयोगांत असे दिसले की खळग्याच्या कडेचे स्थिर रोम वाकले की पेशीत कॅल्शियमची हालचाल सुरू होते. कृत्रिमरीत्या रोम वाकवूनही तेच घडते. म्हणजे इथे अंतर पार करणारी गोष्ट रेणू नसून द्रवाचा रेटा आहे.

सोनिक हेजहॉगबद्दलही दोन ओळी. अमेरिकेतील आयडाहोमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास एकाच डोळ्याची कोकरे जन्मत होती. गाभण मेंढ्यांनी कॉर्न लिली ही वनस्पती गर्भारपणाच्या ठरावीक दिवसांत खाल्ल्यामुळे हे होत होते. त्या वनस्पतीतील सायक्लोपामिन हे द्रव्य हेजहॉगचा निरोप पेशीच्या आत पोहोचू देत नाही, हे बऱ्याच वर्षांनी कळले. माणसांतही सोनिक हेजहॉगच्या जनुकातील बिघाडामुळे मेंदूचे दोन अर्ध नीट वेगळे होत नाहीत, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. आणि अंगठ्याच्या बाजूला जादा बोट असलेल्या काही कुटुंबांत या जनुकाला हातापायांत चालू करणारा एक दूरचा डीएनएचा तुकडा बदललेला आढळतो. तो जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे लांब आहे. त्यातील एका अक्षराच्या बदलाने हेजहॉग चुकीच्या, म्हणजे पुढच्या कडेलाही बनू लागते. सॉन्डर्स आणि गॅसेलिंग यांनी हाताने केले ते इथे निसर्गतः झालेले असते. एक खुलासा आवश्यक आहे: करंगळीच्या बाजूलाही सहावे बोट येते, त्याची कारणे वेगळी असतात, विद्यार्थ्यांनी दोन्ही एकत्र करू नयेत.

---

फळ्यासमोर

डॉक्टर, हे उदाहरण वर्गात नक्की वापरेन. शेवटचा एक प्रश्न विचारते. सगळाच निरोप असा एका उगमापासून दूरपर्यंत जातो का, की शेजारी शेजाऱ्याला सांगून तो पुढे जातो असेही घडते?

---

पेट्री

घडते, आणि बरेच घडते. पाठीच्या मणक्यांचे मूळ असलेले ऊतींचे ठोकळे एकामागून एक ठरावीक वेळाने तयार होतात. कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक जोडी, झेब्राफिशमध्ये दर अर्ध्या तासाने, माणसात सुमारे पाच तासांनी. त्या भागातील प्रत्येक पेशीत काही जनुके आळीपाळीने चालू-बंद होत असतात. शेजारच्या पेशींशी केवळ स्पर्शातून, नॉच आणि डेल्टा या प्रथिनांच्या द्वारे, त्या आपली लय जुळवतात, आणि त्यातून संपूर्ण ऊतीवरून लाट सरकताना दिसते. कोणताही रेणू मागून पुढे गेलेला नसतो. माशीच्या पंखावरचे सगळे केस एकाच दिशेला वळलेले असतात, तेही मोठ्या प्रमाणात अशाच शेजार-शेजारच्या बोलण्यातून होते: प्रत्येक पेशीची एक बाजू शेजारणीच्या विरुद्ध बाजूला लागून ठरते. अशा पद्धतीला अंतराची मर्यादा विसरणाइतकी जाचत नाही, पण वाटेतला एक गट बिघडला की त्याच्या पलीकडचे केसही चुकीच्या दिशेला वळतात.

विद्यार्थ्यांना काही प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर गोड्या पाण्याच्या तळ्यात मिळणारा हायड्रा हा उत्तम पर्याय आहे. मधून कापलेल्या तुकड्याला डोक्याच्या बाजूला डोके आणि पायाच्या बाजूला पाय काही दिवसांत येतो. तो तुकडा आपली दिशा विसरत नाही. एथेल ब्राउन यांनी १९०९ मध्ये एका हायड्राच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्याच्या धडावर बसवून तिथे दुसरे डोके उगवलेले दाखवले होते. स्पेमान आणि मॅन्गोल्ड यांचा सॅलमँडरच्या गर्भावरचा याच धर्तीचा गाजलेला प्रयोग १९२४ चा, म्हणजे त्याच्या पंधरा वर्षे नंतरचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ काम झालेले आहे, त्यामुळे जवळपास असाल तर तिथे विचारणा करून पाहावी.

आणि रेणुबंध यांच्याशी चाललेल्या वादात त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच देतो, कारण त्यांनी तो दिला नाही. २०२० मध्ये व्हिन्सेंट यांच्याच गटाने जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन घेतले, ज्याचा माशीच्या विकासाशी काहीही संबंध नाही, आणि ते पंखाच्या ऊतीत मध्यभागी स्रवायला लावले. त्या ऊतीतील पेशींना हे हिरवे प्रथिन पकडून डीपीपीचाच संकेत आत पाठवतील असे कृत्रिम ग्राही दिले आणि मूळ डीपीपी काढून टाकले. हिरव्या प्रथिनाचा उतार तयार झाला आणि त्याने पंखाची वाढ व आखणी बऱ्याच अंशी सांभाळली. संकेत न देता नुसते धरून ठेवणारे जादा ग्राही त्यात घातल्यावर आखणी आणखी सुधारली. या प्रथिनासाठी गर्भाने कोणतेही खास वाहन किंवा धागा राखून ठेवलेला असणे शक्य नव्हते. पसरणे आणि पकडले जाणे एवढ्यावर ते भागले. हेजहॉगसारख्या मेद जोडलेल्या प्रथिनाला हा निष्कर्ष लागू होतो असे मी अजूनही म्हणणार नाही, कारण हिरव्या प्रथिनाला कोलेस्टेरॉल जोडलेले नव्हते.